हिरड्यांची निगा



दातांविषयी सगळे बोलतात. दात पांढरे, दात किडका, दात पडला, दात आला. हिरड्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. पण दात उभे असतात ते हिरड्यांच्या आणि हाडाच्या आधाराने. म्हणून बाईंनी मला हा विषय दिला. बाईंनी दिलेली पुस्तके वाचून, आमच्या गावच्या आशाताईंना विचारून आणि आमच्या आजीशी बोलून मी हा लेख लिहिला आहे.

हिरडी म्हणजे काय?

दाताच्या मुळाभोवती जे मऊ मांस असते त्याला हिरडी म्हणतात. हिरडीच्या आत जबड्याचे हाड असते. दाताचे मूळ त्या हाडात रोवलेले असते. दुधाचे दात २० असतात आणि कायमचे दात ३२ असतात. प्रत्येक दाताला हिरडी गळपट्ट्यासारखी बसलेली असते.

चांगली हिरडी घट्ट असते. तिचा रंग गुलाबी असतो. पण आपल्यातल्या कित्येकांच्या हिरड्या सावळ्या असतात. तो आजार नव्हे. कातडीचा रंग जसा वेगवेगळा, तसा हिरडीचाही असतो. पाहायचे ते एवढेच, की हिरडी लालभडक झाली आहे का, सुजली आहे का, हात लावला तर रक्त येते का.

बांधावरच्या झाडाच्या मुळाजवळची माती पावसाने वाहून गेली, तर झाड डुलायला लागते. तसेच दाताचे आहे. हिरडी आणि हाड खचले, की चांगला न किडलेला दातसुद्धा हलतो आणि पडतो.

हिरड्या का दुखतात?

आपण भाकरी, भात, गूळ, बिस्कीट, गोळ्या असे काही ना काही खातो. त्यातले थोडे दातांच्या फटीत राहते. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते त्या उरलेल्या अन्नावर वाढतात आणि दातांवर चिकट थर धरतात. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवून पाहा. जे बुळबुळीत लागते तोच हा थर. आमच्याकडे त्याला ‘दातावर कीट चढलं’ असे म्हणतात.

हा थर सर्वात जास्त कोठे बसतो? दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेवर. तिथे जंतूंचे विष हिरडीला लागते. मग हिरडी लाल होते, सुजते, आणि घासताना रक्त येते. थर तसाच राहिला तर काही दिवसांत तो दगडासारखा घट्ट होतो. त्याला कीटण म्हणतात. कीटण ब्रशने निघत नाही. ते दातांच्या डॉक्टरांनाच काढावे लागते.

हे जंतू पहिल्यांदा कोणी पाहिले, तेही वाचण्यासारखे आहे. नेदरलँड्स देशात डेल्फ्ट नावाच्या गावी अँटनी लेव्हेनहूक नावाचे कापडाचे व्यापारी होते. ते स्वतः भिंगे घासून तयार करीत. सन १६८३ मध्ये त्यांनी आपल्या दातांवरचा पांढरा थर काढून भिंगाखाली पाहिला. त्यात बारीक बारीक जीव हालचाल करताना दिसले. त्यांनी तसे पत्र लंडनला लिहून कळवले. गंमत म्हणजे लेव्हेनहूक रोज मिठाने दात घासत असत. तरी फटीत थर राहिलाच होता.

रक्त आले तर घासायचे की नाही?

हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे, म्हणून तो मी मोठ्या अक्षरात लिहिणार होते. आमच्या गल्लीत मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यातले पुष्कळ जण म्हणाले, ‘रगत येतं तिथं घासू नये. त्या जागेला आराम द्यावा.’ आपल्याला हे खरे वाटते, कारण गुडघा फुटला तर आपण तो चोळत नाही.

पण हिरडीचे उलटे आहे. रक्त येते ते थरामुळे. घासणे बंद केले, की थर वाढतो. थर वाढला, की रक्त आणखी येते. मग आपण आणखी घाबरून तो भाग सोडतो. असे चाक फिरत राहते.

डेन्मार्क देशात आरहूस या शहरी याचा प्रयोग झाला. तो सन १९६५ मध्ये छापून आला. हिरड्या चांगल्या असलेल्या १२ माणसांनी मुद्दाम दात घासायचे बंद केले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा रोज नीट दात घासायला सुरुवात केली. साधारण आठवड्याभरात हिरड्या पहिल्यासारख्या झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज आपल्या हातांनी बरी होते. औषधाला पैसे लागत नाहीत.

म्हणून लक्षात ठेवा. रक्त आले तर घासणे सोडू नका. जोर सोडा. मऊ ब्रशने तीच जागा हळू घासा.

आमच्या वर्गातला बीटाचा प्रयोग

थर डोळ्यांना नीट दिसत नाही. तो दिसावा म्हणून बाईंनी आमच्याकडून एक प्रयोग करवून घेतला.

साहित्य : बीट, पाणी, आरसा, ब्रश.

कृती : पोषण आहार खाऊन झाल्यावर प्रत्येकाने बीटाची एक फोड चावली. जिभेने तिचा रस सगळ्या दातांवर फिरवला. मग चोथा थुंकून एकच चूळ भरली आणि आरशात पाहिले.

निरीक्षण : पुढच्या दातांचा मधला भाग पांढरा दिसला. पण हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत आणि मागच्या दाढांना लाल रंग धरून राहिला. खालच्या दातांच्या आतल्या बाजूला तर फारच.

अनुमान : जिथे लाल रंग राहतो तिथे थर आहे. आपला हात पुढच्या दातांवर जास्त फिरतो. मागे आणि आत फिरत नाही.

मग आम्ही बाईंनी दाखवल्याप्रमाणे घासले आणि पुन्हा पाहिले. बराच रंग गेला होता. हा प्रयोग तुम्ही घरी करून बघा. आईवडिलांनासुद्धा करायला लावा.

दात घासायची रीत

१) ब्रश मऊ केसांचा घ्यावा. कडक ब्रशने हिरडी सोलते आणि खाली सरकते.

२) पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. फ्लोराइडची असावी.

३) ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका टेकवावा. आपण भूमितीत काटकोन शिकलो. त्याच्या निम्मा, म्हणजे ४५ अंश.

४) लहान लहान गोल फिरवत हळू घासावे. भांडे घासल्यासारखे आडवे खसाखसा घासू नये.

५) तोंडाचे चार भाग करावेत. वर उजवा, वर डावा, खाली उजवा, खाली डावा. एकेका भागाला मनात १ ते ३० आकडे सावकाश मोजावेत. ३० चोक १२०. झाली दोन मिनिटे.

६) दाताची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावायची बाजू, तिन्ही घासाव्यात.

७) सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. रात्रीचे घासणे चुकवू नये. झोपेत थुंकी कमी सुटते, म्हणून जंतूंना रान मोकळे मिळते.

८) तीन महिन्यांनी किंवा केस वाकडे झाले की ब्रश बदलावा. एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरू नये, भावाचा भावानेसुद्धा नाही.

ज्यांच्या घरी कडुनिंबाची काडी वापरतात त्यांनी ताजी काडी घ्यावी, तिचे टोक चावून चांगले मऊ करावे आणि हळू फिरवावे. पण काडी मागच्या दाढांच्या आत नीट पोचत नाही, हे ध्यानात ठेवावे. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, जाडे मीठ यांनी दात घासू नयेत. त्यांनी दात झिजतात आणि हिरडीला चरे पडतात.

हिरडी दुखते तेव्हा घरी काय करावे?

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवावे. त्याच्या चुळा खळखळून भराव्यात. पाणी गिळू नये. दिवसातून दोनतीन वेळा केले तर आराम पडतो. पण मिठाच्या पाण्याने थर निघत नाही. चुळा भरल्या तरी घासायचेच.

फार गरम, फार तिखट थोडे दिवस कमी खावे. खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी.

चिंच, कैरी खाल्ली की आपले दात आंबतात. तेव्हा लगेच ब्रश करू नये. पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने घासावे. हिरडी खाली सरकली असेल तर दाताचे मूळ उघडे पडते. मग थंड पाण्यानेही कळ येते.

आपल्या वयात दाढा हलतात आणि नव्या येतात. त्या जागची हिरडी थोडी दुखते, सुजते. त्याला घाबरू नये. हलणारा दात आहे म्हणून ती बाजू घासायची सोडू नये.

हे करू नये :
टाचणी, सुई, काडेपेटीची काडी हिरडीत खुपसू नये. दुखते म्हणून डोकेदुखीची गोळी हिरडीवर ठेवू नये. गोळीने हिरडी भाजते. लवंगेचे तेल नुसते हिरडीला चोळू नये. चुना लावू नये. आणि मिसरी लावू नये.

मिसरीविषयी

हा भाग मी आजीला विचारून लिहिला आहे. आजी म्हणाली, ‘लिही. माझं काय जातंय?’

आमच्या आजीचे वरचे चारच दात राहिले आहेत. भाकरी ती दुधात कुस्करून खाते. हुरडा, शेंगा, ऊस तिला फार आवडतात, पण खाता येत नाहीत. ती सांगते, ‘माझं दात किडलं न्हवतं. चांगलं धडधाकट होतं. हालायला लागलं आन् एकेक हातात आलं.’

आजी लग्न होऊन आली तेव्हापासून मिसरी लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका उठतो. मग बोटाने ती हिरडीला चोळायची. कोणी तिला मशेरी म्हणतात. आजीला वाटायचे, मिसरीने हिरडी घट्ट होते आणि दुखायचे थांबते.

मी आशाताईंना विचारले, की मिसरीने दुखायचे थांबते हे खरे का? त्या म्हणाल्या, ‘थोडा वेळ बधिर होतं, म्हणून बरं वाटतं. आजार आतच राहतो.’ तंबाखूत निकोटिन असते. त्याने रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात. म्हणून आजार असूनही रक्त कमी येते. रक्त ही हिरडीची हाक असते. मिसरी ती हाक दाबून टाकते. आत हाड झिजत जाते आणि कळते तेव्हा दात हलू लागलेला असतो.

तंबाखूने तोंडाचा कर्करोगही होतो. सन १९९२ मध्ये सरकारने दात घासायच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर जी भाजतात तिला कोण बंदी करणार? ती आपण आपली करायची.

मी म्हणाले, ‘आजी, तू सोड ना.’ आजी म्हणाली, ‘अगं पोरी, तिच्याबिगर सकाळी डोळं उघडत न्हाईत. पन तुज्यासाठी कमी करीन.’ आधी ती दिवसातून चार वेळा लावायची. आता सकाळी आणि दुपारी, दोनच वेळा लावते. अजून सुटलेली नाही. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. नंबर १८००-११-२३५६. मी तो आमच्या दाराच्या मागे खडूने लिहून ठेवला आहे.

आजीच्या डबीतली मिसरी घरातली लहान मुले गंमत म्हणून लावतात. मग सवय होते आणि सुटत नाही. म्हणून डबी लहानांच्या हाताला लागू देऊ नये. ‘दात दुखतोय, थोडी लाव’ असे कोणी मुलांना सांगू नये.

आईच्या हिरड्या

माझा धाकटा भाऊ पोटात होता तेव्हा आईच्या हिरड्या सुजल्या होत्या. चूळ भरली की पाणी लाल व्हायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘असंच असतं, ब्रश लावू नको.’ पण तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी सांगितले, की अशा दिवसांत शरीरात बदल होतात, म्हणून थोड्या थरानेही हिरडी लवकर सुजते. तेव्हा जास्त जपून, पण रोज घासायचे. आईने मऊ ब्रश आणला आणि मिठाच्या चुळा भरल्या. भाऊ झाल्यावर सूज गेली. ज्यांच्या घरी बाळ होणार आहे त्यांनी हे नक्की वाचावे. पोटात बाळ असताना दातांच्या डॉक्टरांकडे जाता येते. फक्त त्यांना आधी तसे सांगावे.

ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात. आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहायला कठीण जाते. आजोबांना, आजींना शुगर असेल तर त्यांच्या हिरड्याही बघाव्यात.

खाण्याचे महत्त्व

जुन्या काळी बोटीवरचे खलाशी महिनोन् महिने सुकी बिस्किटे आणि खारवलेले मांस खात. त्यांच्या हिरड्या सुजून रक्त येई, दात गळत, माणसे मरतही. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. सन १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या बोटीवरच्या डॉक्टरांनी १२ आजारी खलाशी घेतले. दोघादोघांना वेगवेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिले, ते थोड्याच दिवसांत सुधारले. त्या फळांत ‘क’ जीवनसत्त्व असते, हे पुढे पुष्कळ वर्षांनी कळले.

आपल्याला संत्री विकत आणायला नको. आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांत ‘क’ जीवनसत्त्व असते. पेरूत तर संत्र्यापेक्षा जास्त असते. फार शिजवले की ते कमी होते. म्हणून लिंबू जेवताना वरून पिळावे. मात्र आवळा खाल्ला म्हणून दातावरचा थर जात नाही. खायचेही आणि घासायचेही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबत नसेल तर. हिरडीतून पू येत असेल तर. गाल सुजून ताप आला तर. मोठ्या माणसाचा दात हलत असेल तर. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल तर अजिबात थांबू नये. हिरड्यांबरोबर नाकातूनही रक्त येत असेल किंवा अंगावर आपोआप काळेनिळे डाग पडत असतील, तरी लगेच दवाखान्यात जावे.

पुष्कळ जण म्हणतात, डॉक्टरांकडून दात साफ केले की दात हलायला लागतात. तसे नाही. कीटण दातांना चिकटून बसलेले असते. ते निघाले की फट मोकळी वाटते. हाड आधीच झिजले असेल तर ते तेव्हा कळते, एवढेच.

सन २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आहे. त्याचे डॉक्टर वर्षातून एकदा शाळेत येऊन तपासतात. ते आले की तोंड मोठे उघडावे, लाजू नये. हिरडीतून रक्त येत असेल तर न विचारता सांगावे. मोठ्या माणसांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, ते आशाताईंना विचारून घ्यावे.

पालकांना विनंती

घरात प्रत्येकाला वेगळा मऊ ब्रश असावा. रात्री जेवण झाल्यावर आपण स्वतः दात घासावेत, म्हणजे आम्हीही घासू. आजीआजोबांचे दात पडणे हे वयामुळेच होते असे समजू नये. जे दात उरले आहेत तेवढे तरी जपावेत. चार दातांनासुद्धा हिरडी असते.

सांगा पाहू!

१) घासताना रक्त आले तर काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही?
२) बीटाचा लाल रंग कोठे जास्त राहिला?
३) मिसरी लावणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी का येते?
४) ब्रश किती अंशात धरावा?
५) लेव्हेनहूक यांनी भिंगाखाली काय पाहिले?

उत्तरे याच लेखात आहेत. शोधून वहीत लिहा आणि घरी वाचून दाखवा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी